याह्याचाचांचा फोन

टेबलाखाली वाकून याह्याचाचांनी फोनची वायर उपटली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत मोडेममध्ये खुपसली. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट मस्तकात गेली. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली होती, पण डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! खुर्चीचा हात धरून चाचा उठले, पडद्यावरच्या ‘जिया – सुदुंबरे’ या नावावर बाण नेला आणि डायलचं बटण दाबलं. मोडेममधून नुसती खरखर झाली आणि सकाळपासून येत होती तीच पाटी पुन्हा आली. डायल टोन मिळत नाही.

“मर मेल्या,” चाचा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून लायबाने डोकावलं. धाकटी सून. कणकेचे हात तसेच होते.

“अब्बा, मकसूदभाई येतायत ना? मग कशाला वाकताय? नंबर सांगा, माझ्या फोनवरून देते लावून जियाचाचांना.”

“तुझा फोन तुझ्याकडे राहू दे.”

“महिना झाला हेच ऐकतेय.”

“मग अजून एक दिवस ऐक.”

लायबा आत गेली आणि लाटणं जरा जोरातच आपटायला लागली. आपटू दे. चाचांना खिशात वाजणारी वस्तू नको होती, आणि उसन्या फोनवरून कानाला लावून बोलणं तर त्याहून नको होतं. जियाशी बोलायचं तर आपल्या खुर्चीत बसून, आपल्या लाइनवरून, कानाला हेडफोन लावून. रस्ता खणणाऱ्यांनी तांब्याची तार तोडली तेव्हापासून लाइन मेली होती. आज येईल, उद्या येईल, मग सवडीने बोलू, असं करता करता पाच शुक्रवार कोरडे गेले. काल संध्याकाळी एकदाचे ते लोक नवीन काचेच्या तारेचा पांढरा डबा भिंतीवर ठोकून गेले. आता लाइन आली तर यंत्र रुसलं.

यंत्र तसं म्हातारंच. घाटाच्या तोंडावरच्या हॉटेलात चाचांनी उभा जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढला. हॉटेलवाल्यांनी नवीन मशिनं आणली तेव्हा जुना कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला. त्यात पत्त्यांचं पुस्तक होतं आणि नावावर बाण ठेवला की आपोआप नंबर फिरवणारा डायलर होता. चाचांनी त्यात मावळातली सगळी बिरादरी भरली. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, पार सुदुंबऱ्यापर्यंत. लँडलाइनच्या जागी मोबाइल आले तसे नंबर बदलले. पुढे मोबाइलच्या आधी शून्य लावायचं फर्मान निघालं, तर चाचांनी बैठक मारून प्रत्येक नंबरापुढे शून्य ठोकलं. नंबर पाठ ठेवायचं काम त्यांनी यंत्राला देऊन टाकलं होतं. फोनवरचे बारीक आकडे तसेही त्यांना आता दिसत नव्हते.

कुणाच्या घरात मय्यत झाली की त्या घरचा माणूस आधी चाचांच्या दारात यायचा. चाचा एकच विचारायचे, दफन कुठे आणि कोणत्या नमाजनंतर. मग हेडफोन चढवून बसायचे. आधी सलाम, मग कुराणातली आयत, मग नाव, मग वेळ. त्याच क्रमाने, त्याच आवाजात. निरोप पोराबाळांजवळ ठेवायचा नाही, शेजाऱ्याकडे द्यायचा नाही. एंगेज लागला तर सोडून पुढे जायचं नाही, लागेपर्यंत लावायचा. समोरचा माणूस ‘ऐकलं’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की यांचा नंबर दिसला की सलामाच्याही आधी लोक विचारायचे, “कोण गेलं, चाचा?” याह्याचाचांचा फोन आला म्हणजे मावळातलं एक माणूस कमी झालं, असंच झालं होतं ते.

फक्त जियाला ते शुक्रवारी करायचे तो फोन नुसता गप्पांचा. हॉटेलात जिया रिसेप्शनवर आणि हे टेलिफोनच्या बोर्डावर, तिथली दोस्ती. पुढे जिया गावी सुदुंबऱ्याला गेला आणि अर्धांगाने खाटेला खिळला. त्याची बायको, उम्मेहानीभाभी, त्याच्या कानाशी फोन धरायची. जीभ लुळी पडलेली, बोलणं कुणाला समजायचं नाही, पण दर शुक्रवारी तो पहिल्यांदा मुद्दाम तेच विचारायचा. “कोन गेलं?” आणि मग घशातल्या घशात हसायचा. चाचा म्हणायचे, “तू नाहीस, मीही नाही. बाकीच्यांचं बघू.”

बाहेर गाडीचा आवाज आला आणि मकसूद आत आला. बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. चाळिशी उलटलेला, तोंडाने एरवी भारी चालू. आज मात्र चप्पल काढून मुकाट उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने चाचांचा हात दोन्ही हातांत धरला.

“आधीच यायला हवं होतं, चाचा. पाय निघेना. काय बोलावं तेच सुचेना.”

“बोलायचं काय त्यात? महिनाभर घरात पांगळा होऊन बसलोय, दुसरं काय.”

मकसूदने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता तो थांबला आणि टेबलाखाली शिरला.

या आठवड्यात सगळ्यांचं हेच चाललं होतं. एरवी भेटायला येणारे गुडघा, पाऊस, ट्रॅफिक अशी चारी मुलखाची बडबड करायचे. परवा आलेले दोघेजण चहा घेऊन, माना खाली घालून, खांद्यावर हात ठेवून निघून गेले होते. गुडघ्याचं इतकं दुःख! चाचांना हसूच आलं होतं.

“लाइनीत टोन आहे,” मकसूद साधा फोन कानाला लावून म्हणाला. “तुमचं यंत्र नवीन डब्याचा टोन ओळखत नाहीये. ते जुन्या एक्स्चेंजच्या आवाजाची वाट बघत बसलंय. तो आवाज आता येणार नाही.”

“मग?”

“त्याला सांगायचं, वाट बघू नको, सरळ नंबर फिरव. सेटिंगमधली एक खूण काढायची फक्त.”

“एवढ्यासाठी सकाळपासून माझी कवायत!”

मकसूद खुर्चीवर बसून एकेक खिडकी उघडू लागला. चाचा काठीवर हनुवटी टेकून पाहत राहिले. या खुर्चीत याआधी परकं माणूस एकदाच बसलं होतं. जियाचा इर्शाद. जमातीचा नवा सेक्रेटरी. उन्हाळ्यात पेनड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, चाचा, तुमच्या यादीची कॉपी द्या, मोबाइलवर गट करतो, तुम्ही आता आराम करा. जियाचा पोरगा म्हणून चाचांनी दिली. पण राग आला तो आलाच.

“काय म्हणतो तुमचा गट?” त्यांनी विचारलं. आवाजात तिखट होतंच. “मी ऐकलंय सगळं. माणूस मेल्याचं टाकायचं, खाली शंभर जणांनी दुआचे पिवळे हात लावायचे, आणि त्याच्याखाली लगेच कुणाच्या तरी नातवाचा केक. मेलेल्याला काय वाटत असेल रे?”

“चाचा, राहू द्या ना आता ते,” मकसूद हळू आवाजात म्हणाला. “झालं ते झालं. मनात ठेवू नका.”

“मी कशाला मनात ठेवू? मी तोंडावर बोलतो.”

मकसूदने खूण काढली, खिडकी बंद केली आणि उठून खुर्ची मोकळी केली.

“बघा लावून.”

चाचा बसले. हेडफोन चढवला. बाण अजून जियाच्याच नावावर होता. शुक्रवार होता, वेळही बरोबर होती. बटण दाबताच डब्यातून आकड्यांची ती ओळखीची टुणटुण सुरू झाली आणि चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी मकसूदकडे बघून बोट वर केलं. मकसूदची नजर पडद्यावरच्या नावावर गेली आणि तो पुढे झाला.

“चाचा, हा नंबर कशाला—”

चाचांनी हातानेच त्याला गप्प केलं. पलीकडे रिंग गेली. फोन उचलला गेला. ते कान देऊन बसले, त्या लुळ्या आवाजातल्या दोन शब्दांसाठी.

“आता कुनाचं कळवताय, चाचा?”

आवाज इर्शादचा होता, आणि त्यात ओल म्हणून नव्हती.

“कुणाचं नाही. अरे, शुक्रवार आहे. दे जियाला.”

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

“थट्टा करताय व्हय?” इर्शाद म्हणाला. “अब्बा जाऊन आठ दिस झालं. सारा मावळ आला मातीला. बेडशाचं आलं, कामशेतचं आलं, ज्येंच्याशी धड बोलनं न्हाई त्ये बी आलं. तुमी न्हाई आला. तिसऱ्या दिशी जियारतला बी न्हाई.”

चाचांच्या हातातली काठी खाली पडली. मकसूदने ती उचलली आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

“मला कुणी सांगितलं?” चाचांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

“तुमाला?” इर्शाद गोंधळला. “तुमाला कोन सांगनार, चाचा? तुमीच सगळ्यांना सांगता की. अन् गटावर टाकलं मी. तुमच्याच यादीतनं क्येलाय गट, एक नाव सोडल्यालं न्हाई.”

“एक नाव सोडलं नाहीस.”

“न्हाई सोडलं. अब्बांनी बजावून ठिवलं हुतं, याह्याची मातीची मूठ पडल्याबिगर मला बुजवू नका. आमी थांबलो, चाचा. समद्यांच्या मुठी झाल्या, तरी फावडं घातलं न्हाई. सांजची मगरिब व्हाया आली तवा मौलाना म्हनले, आता बास. आई म्हनती, गटाचा राग त्येंनी मय्यतीवर काढला.” त्याचा श्वास ऐकू आला. “माज्याकडं तोंड न्हाई तिला काय सांगायला. ठिवतो. डूटी हाय.”

फोन बंद झाला. चाचा हेडफोन कानाला तसाच ठेवून बसले. लायबा केव्हाच दारात येऊन उभी राहिली होती, पदराचं टोक तोंडाशी.

“तुम्हाला माहीतच नव्हतं?” मकसूद म्हणाला. “या खुदा! आम्हाला वाटलं... चाचा, माझ्या तर मनातही आलं नाही. तुम्हाला कळलं नसेल असं कुणाच्या मनात येणार?”

“तू आलास तेव्हा बोलला असतास.”

“बोललो की. म्हणजे, बोलायला जमलं नाही. तुम्ही गटाचं काढलंत, मला वाटलं तुम्ही अजून रागात आहात.”

चाचांनी माउसच्या चाकावर बोट ठेवून यादी खाली सरकवली. खान, बागवान, मुलाणी, तांबोळी, शेख, सगळ्यांच्या घरची नावं एकेक करून वर गेली. प्रत्येक नाव त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. मग य आला. यासीन – कामशेत. युनूस – तळेगाव. युसूफ – वडगाव. आणि य संपला. याह्या नव्हता. कशाला असेल? आपण आपल्यालाच फोन लावायची पाळी कधी आली होती! पोरगा याच घरात राहणारा, म्हणून त्याचा नंबरही कधी घातला नव्हता.

“मी जातो सुदुंबऱ्याला,” मकसूद म्हणाला. “आत्ता. गाडी आहे. उम्मेहानीमावशींच्या पाया पडून सगळं सांगतो. तुम्ही पण चला, मागच्या सीटवर पाय लांब करून बसा.”

“जाऊ. कबरीवर जाऊ.” चाचा पडद्याकडेच बघत होते. “मूठ टाकायला आता जागा कुठाय?”

लायबाला रडू फुटलं. चाचांनी ‘नवीन नाव’ या शब्दावर बाण नेला. एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत त्यांनी टाइप केलं. याह्या – लोणावळा. त्याखाली घरचा नंबर. तपासला, एकदा पुटपुटून वाचला आणि जपून ठेवला. मग हेडफोन नीट केला, घसा साफ केला आणि डायलचं बटण दाबलं.

टुणटुण झाली. चाचांनी पाठ ताठ केली. आधी सलाम, मग आयत, मग जियाचं नाव, मग वेळ. ओठ हलायला लागले होते.

कानात एंगेजचा टोन वाजू लागला.

“चाचा, आपलाच नंबर आहे तो,” मकसूद म्हणाला. “आपल्याच लाइनवरून एंगेजच लागणार.”

“एंगेज लागला तर सोडायचा नसतो,” चाचा म्हणाले, आणि त्यांनी परत बटण दाबलं.