टोपाशिवाय पालखी उठत नाही

कुडपणच्या पुढे आमची वाडी. मी इथली अंगणवाडी सेविका. अंगणवाडीत सरकारी खेळणी आहेत, पण कपाटात, आणि किल्ली मदतनीस बयाबाईंच्या कमरेला. "मोडली तर जाब कोन देनार?" असं त्या म्हणतात. मग मुलं अंगणात फुटकी टोपली, कामट्या, करवंट्या आणि एक पोचे आलेला टोप घेऊन खेळतात.

तो टोप सोनालीचा. चार वर्षांची ही पोर दिवाळीत मुंबईहून आजोळी राहायला आली. अंगणवाडीत ती चकार शब्द काढत नसे, माझा पदर धरून बसायची. मी तसं अहवालात लिहिलं. शिमग्यात देवाची पालखी नाचताना पाहून मुलांनी टोपलीची पालखी केली, तिच्या हाती टोप दिला, आणि ती पदर सोडून पालखीपुढे वाजवत चालू लागली. बोलत मात्र नव्हतीच.

आज माझा अहवाल वाचून पर्यवेक्षिका मॅडम तिला बघायला येणार होत्या, वाटलं तर महाडला तपासणीला न्यायला. बयाबाईंनी अंगण झाडलं आणि टोप नाहीसा केला. "दारात भंगार बघून मॅडम काय म्हनतील?" मीही शेपूट घातलं, खोटं कशाला सांगू. सोनाली पुन्हा पदराला चिकटली आणि मला स्वतःचाच राग आला.

मुलांनी पालखी नाचवली आणि बयाबाईंच्या पायाशी टेकवली.

"उचला रे," बयाबाई म्हणाल्या.

"उठत नाय," मोरू म्हणाला. "जड झालीय."

आमच्याकडे पालखी जड झाली की देवाचं काहीतरी राहिलेलं असतं, आणि ते विचारल्यावाचून कोणी पुढे जात नाही. बयाबाई हसल्या, मग घुटमळल्या. साठ वर्षांची सवय. हात जोडून त्यांनी टोपलीलाच विचारलं, "काय चुकलं रे बाबा?"

माझा पदर सैल झाला.

"टोप," सोनाली म्हणाली. "माझा टोप दे."

बयाबाईंनी निमूट कपाट उघडलं. टोप सरकारी खेळण्यांच्या मागे होता. "टाकवला नाय गो माझ्यानं," त्या म्हणाल्या.

मॅडम आल्या तेव्हा कपाट सताड उघडं होतं, खेळणी जमिनीवर आणि खेळण्यांच्या रिकाम्या खोक्यात करवंट्या. पालखी समोरून येत होती.

"बाजूला हो," सोनाली त्यांना म्हणाली. "देव येतोय."

मॅडम बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "न बोलणारी मुलगी कोणती?"

मी सांगितलं, पण टोपाच्या आवाजात त्यांना ते ऐकूच गेलं नाही.