झालरवालीला दुपारी वास आला

"बाई, आहात तशा निघा. तुमची पोरगी नटून बसलीय!" वनरक्षक फोनवर ओरडला आणि बाटलीबाई खरंच आहे तशी निघाली. अंगातला प्रयोगशाळेचा पांढरा डगला काढायचंही तिला सुचलं नाही.

रोपवाटिकेत सगळे तिला बाटलीबाईच म्हणत. हे नाव तिच्या मामाने ठेवलं होतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून त्याने तिला बोट धरून रानात फिरवलं, पानं ओळखायला शिकवलं. पुढे दोघं एकाच रोपवाटिकेत कामाला लागली. काचेच्या आतलं काम तिचं, बाहेरचं त्याचं.

दोघांचा जीव अडकला होता झालरवालीत. झालरवाली ही रानटी आमरी, म्हणजे मातीत वाढणारं ऑर्किड. पांढरंशुभ्र फूल आणि खालच्या पाकळीला बारीक कातरलेली झालर. लोकांनी कुंडीत लावायच्या हौसेपायी ती उपटून उपटून संपवत आणली होती. संरक्षित जंगलातल्या एका ओल्या उतारावर मोजकी झाडं काय ती उरली होती.

तिचं बी म्हणजे नुसती धूळ. समोर शिंकायची सोय नाही. वाटाण्याच्या किंवा शेंगदाण्याच्या पोटात रोपासाठी शिदोरी असते, तशी यात नसते. मातीतली एक ठरावीक बुरशी त्याला भरवते, तेव्हा कुठे ते तग धरतं. बाटलीबाई ती बुरशी बाटलीत वाढवायची, तिच्यावर बी पेरायची आणि मग वाट बघायची. हिरवा ठिपका दिसायला महिने लागत, फूल यायला वर्षं.

हे बी मामा आणायचा. एका झाडाच्या फुलातले परागाचे पिवळे गोळे काडीवर उचलायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलात ठेवायचे, आणि शेंग धरली की ती पिकेपर्यंत डोळ्यांत तेल घालून जपायची. स्वतःच्याच परागावर झालरवाली शेंग धरत नाही, म्हणून निदान दोन झाडं एकदम फुलावी लागतात. जुन्या उतारावर एकानेच जायचं, असा मामाचा दंडक होता. गवतात लपलेलं कोवळं रोप पायाखाली गेलं तर कळतही नाही. "तिथे एका माणसाचे पाय पुरे," तो म्हणायचा. ते पाय त्याचे. तिथे तो कुठला पराग कुठे घालतो, याची बाटलीबाईने कधी चौकशी केली नाही. मामाला काय विचारायचं?

ओढ्याच्या अलीकडे, जुन्या झाडांच्या हाकेच्या अंतरावर, तिने वाढवलेली रोपं लावली होती. त्यांतली काही आज उमलली होती. भर दुपारच्या उन्हात ती गुडघ्यांवर बसली आणि लहान मुलीसारखी हसली.

"बघा, झालरसुद्धा आलीय की नाही?" वनरक्षक म्हणाला. "आणि वास तर काय! मी ओढ्यापासून वासाच्या मागेच आलो."

बाटलीबाईचं हसू तिथेच थिजलं.

झालरवाली दुपारी वास देत नाही. तिचे पाहुणे म्हणजे पतंग, ते उजेड सरल्यावर येतात. त्यांच्यासाठीच ती सुगंध राखून ठेवते. बाईने नाक फुलाजवळ नेलं. गोड, जरासा तिखट वास. हा वास तिच्या ओळखीचा होता. सुट्टीत मामाकडे राहायला गेलं की व्हरांड्यातल्या कुंडीतल्या गुलाबी आमरीला असाच वास यायचा. मग तिने फुलाच्या घशात पाहिलं. आत गुलाबी झाक होती. दुसऱ्या फुलात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. सगळीकडे तीच झाक.

"काय झालं हो, बाई?"

"सगळी फुलं खुडा," ती म्हणाली. "एकही ठेवू नका. मी येते परत."

मामा व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होता. तिला बघताच त्याचा चेहरा खुलला. "या, बाटलीबाई! डगल्यातच आलात? म्हणजे फुललं म्हणायचं!"

"मामा, पराग कुठला घातलास?"

झारीतलं पाणी कुंडीबाहेर सांडत राहिलं.

"बस आधी. पाणी पी."

"पाणी नको. कुठला घातलास?"

त्याने मान गुलाबी फुलांकडे वळवली. तेवढं पुरे होतं.

"त्या वर्षी एकच झाड फुललं होतं गं," तो हळूहळू बोलू लागला. "दुसऱ्याच्या कळ्या गोगलगायींनी खाल्ल्या. तुझी बुरशी तयार, बाटल्या तयार. रोज विचारायचीस, मामा शेंग धरली का, मामा शेंग धरली का. काय सांगणार होतो मी?"

"शेंग धरली नाही, एवढंच."

"तोंड एवढंसं झालं असतं तुझं."

"झालं असतं! एक वर्ष रडले असते. तू मला इतकी वर्षं नाचवलंस. रोपं जोमदार आली म्हणून लोक माझं कौतुक करत होते, आणि तू शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतास."

"अर्धं रक्त तर तिचंच आहे ना? फूल पांढरं आहे, झालर आहे. कोण बघतंय घशात डोकावून?"

"मी बघते! तूच शिकवलंस बघायला!" तिचा आवाज चिरकला. "ओढ्यापलीकडे खरी झाडं आहेत, मामा. याचा पराग तिथे गेला तर त्यांची पुढची पिढीही भेसळीची. लोकांनी उपटून जे पुरतं संपलं नाही, ते आपण लावून संपवू."

"मग दरवर्षी नुसती फुलं खुडत जाऊ. झाडं राहू देत. तुझ्या हातची आहेत."

"म्हणून मीच उपटणार."

ती परत गेली आणि वनरक्षकाबरोबर कामाला लागली. त्याने कुदळ पुढे केली. उमललेली, न उमललेली, सगळी रोपं कंदासकट निघाली. लावताना ज्या मुळांना तिने फुंकर घालून माती दिली होती, तीच मुळं आता ती बोटांनी चाचपून शोधत होती. एखादं मागे राहू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या अलीकडचा तो तुकडा खणलेल्या शेतासारखा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी मामा रोपवाटिकेत आला. बाई फळीसमोर उभी होती. फळीवर मामाने नंतरच्या वर्षांत आणलेल्या बियांच्या बाटल्या होत्या, आत हिरवे, टवटवीत कोंब. पानं पाहून काही कळायची सोय नव्हती, भेसळीचीही अशीच दिसत होती.

"ही सगळी खरी आहेत," मामा दारातूनच म्हणाला. "ते पाप एकदाच केलं. तुझ्या आईची शपथ घेतो."

तिला वाटलं, म्हणावं, बरं मामा. लहानपणापासून तेच म्हणत आली होती. हे झाड कडू, ते विषारी, हे जपून धर. तो म्हणाला की ते तसंच असायचं. आताही कदाचित तो खरंच बोलत होता. पण ती बाटल्यांकडे पाहत होती आणि एकीवरही तिला हात ठेवून सांगता येत नव्हतं, ही आपली.

तिने एकेक बाटली उचलून खिडकीजवळच्या रिकाम्या फळीवर हलवली.

"हे काय करतेस? या हंगामात लावायची ना ती?"

"नाही. कुंड्यांत वाढवणार. फुलतील, घसा बघेन, वास घेईन. मग रानात."

"अगं, त्याला किती वर्षं जातील! उतारावरची थकलेली झाडं तोवर राहतील का?" तो थांबला. "मी तरी राहीन का?"

तिचे हात क्षणभर अडखळले. मग तिने पुढची बाटली उचलली.

"आणि या वर्षी उतारावर मी जाणार," ती म्हणाली. "एकटी."

"माझ्यावर एवढाही विश्वास उरला नाही?"

बाटलीबाईने बाटली उजेडात धरली. आतला कोंब नखाएवढा होता.

"फुललं की सांगते, मामा."