चाल कानी पडू नये म्हणून

हर्टिनाने खिडकी ओढून घेतली आणि फटीत जुना टॉवेल कोंबला.

"अगं, श्वासापुरती तरी फट ठेव," रोसिना, तिची जाऊ, पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली.

"श्वास नाताळानंतर घे. गल्लीपलीकडच्यांनी चाल उचलली, तर देवापुढे उष्टं गाणं म्हणायचं का?"

सगळे हसले. पॅसिफिकमधल्या इबाय बेटावर प्रत्येक गायनगटाने नाताळला नवं गाणं आणायचं, आणि तोवर ते परक्या कानावर पडू द्यायचं नाही, ही रीत. एरवी अकरा माणसं झोपत त्या खोलीत बावीसजण दाटीवाटीने बसले होते. पाच वर्षांची नात लिजोन हर्टिनाच्या मांडीवर. शेवटची ओळ तिची एकटीची होती. तिचा आवाज लागला की आपोआप हात जुळत.

हर्टिनाला दोन महिने खोकला होता. पण दवाखान्यातली नर्स क्लेरा गल्लीपलीकडच्या गटातली; तालमीचं तिला कळायला नको. गाणं बसलं की जाऊ, असं तिने ठरवलं होतं.

लिजोनला ताप आला. मग तिला मान वाकवता येईना. विमानाने तिला राजधानीच्या इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी तिची शवपेटी परत आली.

त्यानंतर हर्टिना दवाखान्यात गेली.

"मावशी, क्षय आहे. लिजोनलाही तोच..." क्लेराने वाक्य अर्धंच सोडलं. "तालीम कुठे करता?"

"घरात."

"खिडकी उघडी असते?"

"बंद."

"का पण?" असं विचारता विचारताच क्लेराने पेन खाली ठेवलं. "आमच्यासाठी," ती हळूच म्हणाली.

मग पेन पुन्हा उचलत ती म्हणाली, "गटातल्या सगळ्यांना तपासू. तुम्ही सध्या वेगळ्या खोलीत झोपा. हवेशीर."

"पलीकडच्या अमेरिकन तळाच्या बेटावर मी झाडते त्या घरात तीन खोल्या रिकाम्या आहेत. राहणारी माणसं दोन. खिडक्या रोज मीच उघडते, हवा खेळावी म्हणून." हर्टिनाने गोळ्यांची पुडी पिशवीत ठेवली. "संध्याकाळच्या बोटीने आम्हाला परतावं लागतं, पोरी. वारा तिकडेच राहतो."

दोन महिने औषध झाल्यावर, नाताळ तोंडावर आला असताना, क्लेराने तिला गायची परवानगी दिली. त्या संध्याकाळी हर्टिनाने टॉवेल काढून खिडकी सताड उघडली. पहिलं कडवं संपत आलं, तोच गल्लीपलीकडच्या घराची खिडकी कोणीतरी आतून लावून घेतली. मग दुसरी.

"भली माणसं," रोसिना म्हणाली. "चाल कानी पडू नये म्हणून लावतायत बघ."

बंद खिडकीआडून कोणीतरी खोकलं.

हर्टिना उठली, गल्ली ओलांडून गेली आणि तिने काचेवर थाप मारली. म्हाताऱ्या जोरलांगने बोटभर फट केली.

"आम्ही काही ऐकलं नाही हं, वहिनी. देवाशपथ."

"ऐका. चाल घेऊन टाका. पण खिडकी उघडा."

दोन्ही दारं लोटून त्याने खिडकी उघडली.

हर्टिनाने तिथेच उभं राहून सुरुवात केली. मागून तिच्या गटाने साथ धरली, नंतर आतल्यांनीही चाचपडत सूर मिळवला. शेवटच्या ओळीला मात्र तिचा गट थांबला. आतलेही थांबले.

"पुढे काय?" जोरलांगने विचारलं.

"पुढची ओळ लिजोनची," हर्टिना म्हणाली. "तिथं तेवढा वेळ नुसतं थांबायचं."