एका बाटलीपुरती सुई

५००

दिवाकरनच्या मेडिकल दुकानात औसेप्पने सलाइनची एक बाटली मागितली आणि एक सुई. गुलाबी टोपीची.

दिवाकरन म्हणाला, चोवीस बाटल्यांचं आख्खं खोकं घ्या, सुट्या बाटलीच्या निम्म्या दराने पडेल. सुयांचा शंभराचा डबा तर जवळजवळ फुकटच. मांजराला रोज रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यायच्या ऐवजी घरीच पाणी चढवणार म्हणता, एवढे पैसे वाचवताय, मग ते माझ्या गल्ल्यावर कशाला उधळता?

"एक बाटली. एक सुई."

"आणि ही संपल्यावर?"

"संपल्यावरचं संपल्यावर."

दिवाकरनने सुई कागदात गुंडाळली. त्याला जुनी गोष्ट आठवली असावी, कारण खोक्याचा विषय त्याने तिथेच सोडला.

सहा वर्षांपूर्वी औसेप्पची बायको रोसिली आजारी होती तेव्हा याच दुकानातून माल आला होता. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, दिवसातून चार वेळा पोटात पाणी सोडायचं आणि काढायचं, तेही घरीच. तीन महिन्यांच्या पिशव्या एकदम घेतल्या तर बरेच वाचतात, हा शोध औसेप्पचाच. ओसरीत खोकी छताला टेकली. अकराव्या दिवशी रोसिली गेली. शवपेटी ठेवायला ओसरीत जागाच नव्हती, म्हणून इरिंजालकुड्यातली त्यांची निम्मी गल्ली आधी खोकी उचलून मागच्या अंगणात टाकत होती आणि औसेप्प भिंतीला टेकून बघत होता. कुणीतरी विचारलं, अजून किती आहेत हो?

तेव्हापासून औसेप्प चहापत्तीसुद्धा छटाकभर आणतो. लोक त्याला चिक्कू म्हणतात. त्याला ते बरं वाटतं. खरं कारण त्याने कुणाला सांगितलेलं नाही: पुढच्या दिवसांची बेगमी केली की कुणीतरी ऐकतं, आणि ते दिवस काढून घेतं.

अम्मिणी रोसिलीचीच मांजर. चौदा वर्षांची, तपकिरी, एका कानाला खाच. आता तिचीही मूत्रपिंडं.

४००

पाचशे मिलीच्या बाटलीवर शंभर-शंभरच्या रेघा असतात. रोज एक रेघ, कातडीखाली. दोनतीन दिवस चुकले तर रक्तात विष साठतं, मग आमच्या हातात काही राहत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बोलताना त्या औसेप्पकडे न बघता अम्मिणीकडे बघत होत्या.

दोन महिने हे काम शेजारच्या जिन्सीने केलं, सुया-बाटल्याही तीच आणायची. ती नर्स. परवा ती आयर्लंडला गेली. जाण्याआधी तिने औसेप्पचा हात धरून शिकवलं: खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचला, तंबूच्या दारातून सुई घाला, हात कापला तरी चालेल पण थांबू नका.

खोलीतल्या ज्या खिळ्यावर रोसिलीची पिशवी टांगायचा, त्यालाच त्याने बाटली टांगली. दुसरा खिळा ठोकावा असं मनात आलं होतं. पण नवा खिळा ठोकणं हीसुद्धा बेगमीच.

त्याने डोळे मिटले नाहीत एवढंच. सुई आत गेली. अम्मिणी हूं म्हणाली आणि बसून राहिली. खांद्यावर पाण्याचा लिंबाएवढा उंचवटा आला, मग मोसंबीएवढा. औसेप्पचा सदरा पाठीला चिकटला होता.

नंतर त्याने सुई उकळली. लग्नाच्या वेळी रोसिली मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. स्टोव्हवर अॅल्युमिनियमचं भांडं, त्यात खळखळणाऱ्या पोलादी सुया, त्याच सुया सबंध गावाला. ते भांडं अजून घरात होतं. तीन रुपयांची सुई त्यात एकटीच तळाशी वाजत राहिली.

३००

अम्मिणी कळवळली. सुई दुसऱ्या दाबाला आत गेली. त्याला वाटलं, आपलाच हात चुकला.

उकळली.

२५०

आज तीनदा टोचावं लागलं. तिसऱ्यांदा सुई गेली, पाणी सुरू झालं, आणि निम्म्यावर अम्मिणी अशी ओरडली की बाहेर अंगणातले कावळे उडाले. औसेप्पच्या मनगटावर चार ओरखडे काढून ती दारातून गेली. नळी हवेत पाणी उडवत राहिली. त्याने चिमटा बंद केला तेव्हा पाणी दोन रेघांच्या मधोमध थांबलं होतं.

२५०

ती सरपणाच्या खोपटात होती, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे. औसेप्प पालथा पडून आत बघायचा. दोन डोळे. त्याने हात पुढे केला की डोळे मागे जायचे.

चौदा वर्षांत ती त्याला कधी भ्याली नव्हती.

त्याने बशीत पेज ठेवली. मग मत्ती मासळीच्या कालवणाचं पाणी ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी मना केलं होतं तरी. बशीला मुंग्या लागल्या.

२५०

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडणांवर पिवळा फेस दिसला. ती ओकली होती. आता ती मागे सरली नाही, तेवढं बळ नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्याने कातडी चिमटीत उचलून सोडली. चाळीस वर्षं तो कौलांच्या कारखान्यात होता. ओली माती चिमटली की तशीच उभी राहते. अम्मिणीची कातडी तशीच उभी राहिली.

त्याने जिन्सीला फोन लावला. तिच्याकडे अजून उजाडलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, आपला हात वाईट आहे म्हणाला. जिन्सीने विचारलं, सुया कुठल्या वापरता?

"गुलाबी. तू सांगितलीस तीच."

"किती आणल्यात?"

"एक."

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं.

"औसेप्पेट्टा, सगळ्या दिवसांना एकच सुई?"

"उकळतो ना मी. रोसिलीच्या भांड्यात."

"रोसिलीचेची असती तर त्याच भांड्याने तुम्हाला हाणलं असतं. उकळून जंतू मरतात हो, धार परत येत नाही. आमच्या आज्यांच्या वेळी सुया दगडावर घासायचे. तीन रुपयांसाठी? तुम्ही चिक्कू आहात, ठाऊक आहे मला. पण इतके?"

खरं कारण बाजूला ठेवून त्याने विचारलं, आता काय करू? जिन्सी म्हणाली, ती बाटली फेका, उघडी पडलीय. नवी आणा. आत्ता.

फोन ठेवल्यावर औसेप्पने मुंडू वर सारलं आणि ती उकळलेली सुई स्वतःच्या मांडीत घातली.

ती जाईना. कातडी आत दबली, खड्डा पडला, मग काहीतरी फाटल्यासारखं होऊन ती शिरली, आणि काढताना मांस ओढत आली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. टोक वाकलं होतं, मासळीच्या गळासारखं. हे तिच्या पाठीत तीनदा. आणि मी धरून ठेवलं होतं तिला.

दुकानापर्यंत तो जवळजवळ धावलाच. मांडीतून रक्त झिरपत होतं.

"एक बाटली, एक सुई," दिवाकरनने आधीच म्हणून टाकलं आणि कागद फाडायला घेतला.

"डबा दे. सुयांचा."

दिवाकरनने त्याच्या मुंडूवरचा डाग पाहिला, डबा काढला, पुसला. आवाज खाली आणून म्हणाला, "सील तसंच ठेवा, औसेप्पेट्टा. काही झालं तर... आठवड्याभरात परत घेईन. रोसिलीच्या वेळी नाही घेता आलं मला. आता घेईन."

शंभर सुया. म्हणजे शंभर दिवस. औसेप्पने डबा हातात घेतला. ओसरीतली खोकी, भिंत, ते विचारणं, अजून किती आहेत हो. त्याला वाटलं, आत्ता या क्षणी, तिकडे सोडणांमागे, कुणीतरी ऐकतंय.

त्याने डब्याच्या सीलखाली अंगठ्याचं नख घातलं आणि गल्ल्यावरच ते टरकन फाडलं. झाकण उघडलं. गुलाबी टोप्या दाटीने उभ्या होत्या.

"आता तुला परत घेता यायचा नाही," तो म्हणाला. "बाटल्यांचं खोकंही काढ."

५००

खोकं रिक्षातून आलं. त्याने ते ओसरीत ठेवलं, शवपेटी ठेवली होती त्याच जागी, कारण दुसरीकडे सावली नव्हती. बाटली काढून तो खोपटात गेला. टांगायला तिथे काही नव्हतं, म्हणून ती डाव्या हाताने डोक्यावर धरली आणि सोडणांवर गुडघे टेकले.

अम्मिणीने डोळे उघडले. त्याचा हात पाहून ती अंग चोरू लागली, आणि चोरता येईना.

"थांब, मोळे, थांब पोरी," तो म्हणाला. "आज वेगळी आहे."

नवी सुई. कातडीचा तंबू. ती कधी गेली ते त्यालाही कळलं नाही. अम्मिणीचा कान हलला, खाच असलेला, आणि पुन्हा स्थिर झाला. औसेप्पने वर पाहिलं. बाटलीत एक बुडबुडा उठला. मग दुसरा. पाण्याची कड रेघेला चिकटून होती, हलतेय की नाही ते कळत नव्हतं. त्याचा हात भरून आला. त्याने तो खाली घेतला नाही.

४९०