तिसऱ्या मागाचा नाद

चैत्राचे ताम्रवर्णी ऊन सोलापुरावर उतरले होते. गिरण्यांच्या मूक धुराड्यांवर ऊन, सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या हिरव्या जळावर ऊन, वाळत घातलेल्या केशरी-जांभळ्या सुतावर ऊन, नुसते ऊन.

त्या भरदुपारी श्यामला येमूलने यंत्रमागाच्या कारखान्याच्या खिडक्या चादरींनी झाकल्या. सुट्टीचा दिवस. माग निमूट उभे होते. भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर ती आज आपला चित्रपट दाखवणार होती. तीन वर्षे कॅमेरा आणि मायक्रोफोन घेऊन कणाकणाने वेचलेले तिचे शहर! त्यात नायक नव्हता, कथा नव्हती, एक शब्दही नव्हता. यात काही घडतच नाही, असे सांगून मुंबईच्या परीक्षकांनी तो परत पाठवला होता. आज इथले विणकरही उठून गेले, तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असे तिने ठरवले होते.

विणकर आले, बायकामुलांसह आले. पडद्यावर रंगाच्या हौदातून रक्तिम सूत वर आले. विड्या वळणारी बोटे पाखरांसारखी थरथरली. कुजबुज वाढली. गोष्ट कधी सुरू होणार, असे कुणीतरी विचारले. दोघे उठून दाराकडे निघाले. 

मग पडदा काळा झाला. उरला केवळ मागांचा नाद. खटक-खटक, खटक-खटक, शतमुखी, अविश्रांत, मेघमंद्र.

तिचे वडील मल्लेशम याच कारखान्यात तीस वर्षे राबलेले. लेकीच्या या उद्योगाबद्दल त्यांनी कधी चांगला शब्द काढला नव्हता. ते अंधारात सावकाश उभे राहिले.

"ह्यो तिसरा माग," ते म्हणाले. "सुताचा धोटा परतताना अडखळतोय बघा. ह्यो माझा हाय."

 मग कोपऱ्यातून त्यांचा जुना सोबती व्यंकटय्या म्हणाला, "त्याच्यामागचा माझा."

दाराशी गेलेले दोघे परतले. कुणाला त्या गर्जनेत आपला माग सापडला, कुणाला दिवंगत भावाचा. बायकांना आपण सूत भरलेल्या कांड्यांची किणकिण सापडली. आयुष्यभर ज्याला गोंगाट म्हटले, त्याचे आज गान झाले.

चित्रपट संपला. कुणी उठेना.

"पोरी, पुन्ना लाव," मल्लेशम म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता.

श्यामलाने पुन्हा लावला. बातमी पेठेत पोचली. भाजीवाल्या आल्या, हमाल आले, रिक्षावाले आले, दाटीवाटीने उभे राहिले. त्यांच्या माथ्यांवरून प्रकाशाचा शुभ्र झोत गेला. त्या झोतात कापसाचे कण जागे झाले. लक्ष लक्ष कण, तेजःपुंज कण, तरंगत, उजळत, वर वर जात राहिले.