ताईची नवी पट्टी

ताईच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर तिचा वरचा आवाजही गेला. बोलताना जरा खरखर येते, इतकंच. पण गायला लागली की जिथे पूर्वी सहज चढायची तिथे आता नुसती हवा येते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "खाली गा, हवं तितकं गा. वर ओढलंत तर उरलंय तेही जाईल."

खाली म्हणजे गाण्याची पट्टी डीऐवजी तिच्या खालची बी. सांगणाऱ्याचं काय जातंय! ताईबरोबर भाऊजी गिटार वाजवतात. त्यांनी तारांवरचा हात जरा सरकवला आणि झाले मोकळे. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करणारा माणूस, गळतंय कुठे ते बघायचं आणि पुढे व्हायचं. माझं तसं नाही. माझी क्रोमॅटिक हार्मोनिका सी पट्टीची. बाजूचं बटण दाबलं की स्वर अर्ध्याने चढतो, म्हणून तिच्यावर कुठलीही पट्टी वाजते, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. पण आमच्यासारखे ब्लूजवाले, म्हणजे ती दुःखाची अमेरिकन गाणी वाजवणारे, बहुतेक डी धरून बसतात, कारण डीमध्ये श्वास आत ओढला की रडवणारे स्वर आपसूक हाती लागतात. मी आजवर तेच केलं. डी माझा सा, डी माझं घर, आणि मी पक्का घरकोंबडा.

"ए पट्टीची दुसरी हार्मोनिका घेतो," मी म्हणालो. "वाजवायचं तसंच, आवाज आपोआप खाली."

ताई चादरीची घडी घालत होती. "मला दुकानात नवा गळा मिळाला का रे?"

"नाही."

"मग तूही जुन्यावरच शीक."

भाऊजी खुदकन हसले. मेहुणा कात्रीत सापडला की त्यांना भारी आनंद होतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी उभा राहून मी बी शोधायला लागलो. बसवत नव्हतं. दोन ओळी वाजवायच्या, एक काच पुसायची, परत वाजवायचं. बाहेर नंबर तपासायला आलेल्या आजोबांनी विचारलं, "आत कुणाला बरं नाहीये का?"

गंमत म्हणजे बी लांब नव्हताच. डीच्या डावीकडचं लगेचचं छिद्र, तेही श्वास आत ओढूनच. पण अडचणी दोन. एक, ओठ सवयीने डीवर जाऊन थांबत. दुसरी, बीमध्ये एक ई हा स्वर तेवढा फुंकायचा, बाकी सगळं आत ओढायचं. छाती भरत जाते, रिकामी करायला उसंत मिळत नाही आणि ऐन शेवटी श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

ताईच्या स्वयंपाकघरात तालमीला तेच झालं. मी डीवर थांबलो. माझ्या डीवरून सूर उचलायची तिची सवय. ती वर गेली आणि मध्येच आवाज फाटला. खोकत खोकत ती सिंकपाशी गेली आणि पाणी प्यायली. वाचनालयाच्या सभागृहात रविवारी दुपारी कार्यक्रम होता. तिथे मी असाच चुकलो तर तिचं गाणं संपणार होतं, कायमचं.

आणि खरं सांगतो, मला तिचा तो वरचा आवाज हवाच होता. लहानपणापासून मी त्याच्यामागे धावत आलो होतो. डॉक्टरीणबाईंचा मला राग यायचा, बीचा यायचा, मधूनमधून ताईचासुद्धा.

रविवारी पहिलं कडवं नीट गेलं. मग माझी पाळी. श्वास ओढला, ओढला, ई आला तेव्हा जेमतेम थोडा सोडला, परत ओढला. बरगड्या ताणल्या गेल्या. शेवटची मात्रा आली आणि मी थांबलो तो डीवर.

थांबल्या क्षणी चूक कळली. एक छिद्र डावीकडे, बस! पण ओढायला छातीत जागा कुठे होती? मी नाकाने हवा सोडत राहिलो, हार्मोनिका गप्प, माझा डी अजून सगळ्यांच्या कानात. ताईने श्वास घेतला. तिची हनुवटी वर उचलली गेली. वर जायचं असलं की ती अशीच उचलते. भाऊजींचा हात तारांवर थबकला. मला ओरडावंसं वाटलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. हनुवटी हळूच खाली आणली आणि तिने एकटीनेच बी लावला. खरखरीत, जाड, मी कधी न ऐकलेला. तोवर माझी छाती मोकळी झाली होती. मी तिच्या बीशेजारी माझा बी ओढला, आणि गाणं संपेपर्यंत तिथून हललो नाही.

टाळ्या चालू असताना ती माझ्याकडे वाकली. "तुला अजून तो वरचाच हवाय ना?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "हो."

"मलाही," ती म्हणाली. डोळे भरले होते, ते तिने बाहीने पुसले आणि भाऊजींना खूण केली. "चला, पुढचं. बीमध्येच."

मी छातीतली सगळी हवा सोडली. ओठ पुन्हा डीवर जाऊन बसले होते. ते एक छिद्र डावीकडे सरकवले.