अर्डिसची बेरीज

नोव्हेंबरात सरकारी पेन्शन कार्यालयाचं एक पत्र आलं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. पहिलं पान वाचलं, घडी घातली आणि पाकीट ब्रेडच्या डब्यामागे उभं करून ठेवलं. मार्चपर्यंत ते तिथेच होतं.

माझं उत्पन्न जास्त असल्यामुळे जानेवारीपासून माझ्या मेडिकेअरचा, म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता महिन्याला ऐंशी डॉलरहून अधिक वाढेल, असं पत्रात लिहिलं होतं. तो पेन्शनमधून परस्पर कापला जातो. मी चाळीस वर्षं गावच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. श्रीमंत म्हणून मला कोणी पत्र लिहील असं कधी वाटलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर हसला असता. मी घाबरलो, पण पैशांसाठी नाही.

हप्ता ठरवताना सरकार दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतं. ते वर्ष म्हणजे माझी बायको अर्डिस गेली ते. त्या ऑक्टोबरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने आमच्या म्हातारपणाच्या बचतीचा मोठा हिस्सा जुन्या खात्यातून नव्या खात्यात हलवला. अशी हलवलेली रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. कर तेव्हाच भरायचा, पुढे कधीच नाही.

"आत्ता आपण दोघं आहोत, तर हप्त्याची रेषा दोघांची," ती म्हणाली होती. "मी गेले की तू एकटा, आणि एकट्याची रेषा निम्म्यावर. म्हणून मी असतानाच उरकते."

"असं नको ना बोलूस."

"नाही बोलले तर रेषा सरकणार आहे का?"

ती शाळेत गणित शिकवायची. किती उत्पन्नापुढे विम्याचा हप्ता वाढतो, ती रेषा तिला पाठ होती. ती एका डॉलरने ओलांडली तरी वरच्या पायरीचा पूर्ण हप्ता बसतो. म्हणून रेषेच्या आत राहू इतकीच रक्कम तिने हलवली. काम संपल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाल्वर, तुझ्याबरोबर काही वाईट गेलं नाही."

प्रेम बोलून दाखवायचं तर मिनेसोटात आमच्या माणसांत यापलीकडे कोणी जात नाही. या वाक्याची मी सेहेचाळीस वर्षं वाट पाहिली होती. तिने जरा बोलका, जरा हुशार नवरा करायला हवा होता, असं मला लग्नाच्या दिवसापासून वाटत आलं होतं.

आणि आता पत्र सांगत होतं की आम्ही रेषा ओलांडली. म्हणजे तिची बेरीज चुकली. तिची बेरीज चुकत नसे. पण त्याच ऑक्टोबरात दुखण्यावरची कडक औषधं सुरू झाली होती. औषधांनी आकडे हलले असतील, तर मग ते वाक्य कोण बोललं होतं? तिची वही खणात होती. उघडली की कळलं असतं. मी चार महिने उघडली नाही.

मार्चमध्ये एका रविवारी नेहमीप्रमाणे मेहुणीचा फोन आला. लव्हॉन अर्डिसहून चार वर्षांनी मोठी आहे आणि मी अजून पंचविशीचा आहे असं समजून बोलते. बोलता बोलता माझ्या तोंडून पत्राची गोष्ट निघून गेली.

"चार महिने ब्रेडमागे? ब्रेडला तरी वाचून दाखवलंस का?"

"वाचलं मी. पहिलं पान."

"चुकली असेल रे ती. शेवटी शेवटी त्या औषधांनी तिला कुठे सुधरत होतं. काय बोलायची तेही—"

"ऑक्टोबरात सुधरत होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

फोन ठेवला आणि वही काढली. अक्षर बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. माझी पेन्शन, तिची पेन्शन, बँकेचं व्याज, हलवलेली रक्कम. खाली बेरीज आणि तिच्याखाली लिहिलेलं: रेषेच्या आत ४१२. मी तीनदा बेरीज केली. तीनदा तीच आली. मग तिच्यामागे हिशेबनिसाकडून भरून घेतलेला कराचा कागद काढला. त्यावरचं उत्पन्नही तेवढंच होतं.

आता भीती मागे पडली आणि जुनी खोड जागी झाली. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदींत पानांचे आकडे वेगळे निघाले की मला पुस्तक हातात घेतल्याशिवाय चैन पडत नसे. पाकीट आणलं आणि या वेळी दुसरं पानही वाचलं. हप्त्यासाठी उत्पन्न म्हणजे काय ते तिथे छापलं होतं: कराच्या कागदावरचं उत्पन्न, आणि त्यात करमुक्त व्याज मिळवून.

करमुक्त व्याज आमच्याकडे कुठून येणार? मी कागदावर बोट फिरवत गेलो. वरच्याच बाजूला, करमुक्त व्याजाच्या एका छोट्या चौकटीत ६५५ डॉलर होते.

ग्रंथालयाचं छप्पर. ती गेली त्या वर्षीच्या जानेवारीत गावाने छपरासाठी लोकांकडून कर्ज घेतलं आणि त्याचे रोखे विकले. व्याज थोडं, पण त्यावर कर नाही. माझ्या आईने ठेवलेले पैसे मी त्यात घातले. संध्याकाळी अर्डिसला सांगणार होतो. पण दुपारीच दवाखान्यातून फोन आला, तिच्या तपासणीचा. त्या दिवशी छपराबद्दल कसं बोलणार? नंतरही तशी वेळ आली नाही. रोख्यांचा कागद मी तिच्यामागे हिशेबनिसाला नेऊन दिला आणि विसरलो.

चारशे बारामधून सहाशे पंचावन्न. दोनशे त्रेचाळीस डॉलरने आम्ही पलीकडे गेलो होतो, आणि ते सगळे माझे होते. तिला जेवढं माहीत होतं त्यात तिची बेरीज डॉलरपर्यंत बरोबर होती.

मी लव्हॉनला आपणहून फोन केला. असं मी करत नाही.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. चूक माझी होती. तिची नव्हती."

मी सगळं सांगितलं.

"वर्षाचे हजार डॉलर जाणार आणि तू खूश आहेस?"

"हो."

"तो फॉर्म आहे ना, नवरा-बायकोपैकी एक गेलं आणि उत्पन्न घटलं की भरायचा. मी भरला होता माझ्या वेळी. भर आणि पाठव."

"पण हप्ता वाढला तो रोख्यांमुळे. ती गेली म्हणून नाही."

"हाल्वर, तिची पेन्शन थांबली?"

"थांबली."

"तुझं उत्पन्न घटलं?"

"बरंच."

"एवढंच विचारतात ते. बाकीचं तुझं तुझ्यापाशी ठेव. आणि मघाशी मी बोलले ते... औषधांचं. ते सोड."

सोमवारी मी फॉर्म भरला. जोडीदाराचा मृत्यू, या चौकटीत खूण केली आणि तारीख लिहिली. त्यासोबत एक चिठ्ठीही लिहिली: "हिशेब माझ्या पत्नीने केला होता आणि तिला सांगितलं गेलं तेवढ्यात तो अचूक होता. रोखे माझे होते, मी ते तिला सांगितले नव्हते." हे तिथे कोणी वाचणार नाही, कोणाला त्याची गरजही नाही, हे मला कळत होतं. दोनदा चिठ्ठी बाहेर काढली. मग आत घालून पाकीट चिकटवलं, बर्फातून कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि ते आत टाकलं.